छिन्नीवाल्याचं नाव काय?

तपोवन असो, देवगिरी असो की जनशताब्दी, संभाजीनगरहून मुंबईला निघालेला माणूस शेवटी उतरतो सीएसएमटीला. उतरल्यावर तुम्ही काय करता? बॅग खांद्याला, मोबाइल हातात आणि थेट लोकलच्या दिशेनं धाव. मुलाखत असते, परीक्षा असते, नाहीतर मामाकडे लग्न असतं. वर बघायला वेळ कुणाला आहे?

पुढच्या खेपेला अर्धा तास काढाच. भुयारी मार्गानं पलीकडे महापालिकेच्या इमारतीपाशी जा आणि तिथून स्टेशनकडे तोंड करून उभे राहा. घुमटाच्या टोकावर हात उंचावलेली बाई दिसेल, ती ‘प्रगती’. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ. सिंह म्हणजे इंग्लंड आणि वाघ म्हणजे आपण. आता नजर जरा खाली आणा. पिसारा फुलवलेला मोर, माकडं, पानं, वेली, पक्षी सापडतील. एकेक कोपरा झूम करून बघत बसलात तर अर्धा तास पुरायचा नाही.

मग गुगल करा, ही इमारत कुणी बांधली? उत्तर येईल, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. उत्तर बरोबर आहे, पण अर्धवट आहे. उरलेलं अर्धं उत्तर शोधायला निघालं की वाट आपल्या अजिंठ्यापर्यंत येते.

गोथिक म्हणजे काय रे भाऊ?

आधी थोडी ओळख करून घेऊ. बाराव्या-तेराव्या शतकात युरोपात उंचच उंच चर्च बांधली गेली. टोकदार कमानी, आकाशात घुसणारे निमुळते मनोरे, रंगीत काचांच्या खिडक्या, भिंतीला बाहेरून दिलेले दगडी टेकू आणि पावसाचं पाणी बाहेर फेकणारी प्राण्यांची दगडी तोंडं, ही त्यांची खूण. या शैलीला गोथिक म्हणतात. पुढे ती मागे पडली. एकोणिसाव्या शतकात, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळात, इंग्लंडनं तिला पुन्हा उचलून धरलं. आधी चर्चसाठी आणि मग कॉलेज, कोर्ट, हॉस्पिटल, स्टेशन अशा सगळ्यांसाठी.

टोकदार कमान म्हटलं की तुम्हाला भडकल दरवाजा आठवला असेल. तो मलिक अंबरनं १६१२ मध्ये बांधला. कमान तिथंही टोकदार आहे, पण घराणं वेगळं, दख्खनच्या सुलतानी बांधकामाचं. तेव्हा टोकदार कमान दिसली की लगेच ‘इंग्रजांनी बांधलंय’ म्हणू नका.

गोथिकच्या या दुसऱ्या जन्मामागे एक विचार होता. ऑगस्टस पुजिन नावाचा वास्तुविशारद म्हणायचा की, इमारत कशी उभी आहे हे लपवू नका, नक्षी करायची तर त्या उभारणीचीच करा. जॉन रस्किन हा लेखक त्याच्याही पुढे गेला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : गोथिक चर्चमधली नक्षी जिवंत वाटते, कारण घडवणाऱ्या कारागिराला तिथं मोकळीक होती. त्याचा हात थोडा चुकला तरी चालेल, पण तो हात त्याचा स्वतःचा दिसला पाहिजे. मशीनसारखं एकसारखं काम करून घेणं म्हणजे माणसाला गुलाम करणं.

गंमत बघा. याच रस्किननं १८४९ मध्ये लिहिलं होतं की रेल्वे स्टेशनवर नक्षीकाम करणं हा निव्वळ वायफळ खर्च आहे, कारण तिथं माणूस घाईत असतो, तो बघणार कधी? मुंबईनं नेमकं तेच केलं आणि आपण नेमकं तसंच वागतो!

नकाशा लंडनचा, दगड कुर्ल्याचा

मुंबईतलं या शैलीचं पहिलं मोठं काम म्हणजे कुलाब्याचं अफगाण चर्च. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ ते बांधलं. १८५८ मध्ये ते प्रार्थनेसाठी खुलं झालं आणि सुमारे ६० मीटर उंचीचा त्याचा मनोरा १८६५ मध्ये पूर्ण झाला. आराखडा हेन्री कॉनिबेअरचा. हा मुळात शहराचा इंजिनिअर, विहार तलावाची पाणी योजनाही त्याचीच. म्हणजे सकाळी पाइपलाइन आणि दुपारी चर्च! आतल्या फरशा आणि वेदीमागचं काम विल्यम बटरफील्ड या लंडनच्या नामवंत वास्तुविशारदाच्या डिझाइनचं. दगड मात्र इथलाच.

मग आली कापसाची लाट. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा धो धो वाहू लागला. गव्हर्नर बार्टल फ्रिअरनं किल्ल्याच्या जुन्या भिंती पाडल्या आणि मोकळ्या झालेल्या जागेवर सरकारी इमारतींची रांग उभी करायचं ठरवलं. आज ओव्हल मैदानाच्या कडेनं चालताना दिसतात त्या याच. जुनं सचिवालय लष्करी इंजिनिअर हेन्री सेंट क्लेअर विल्किन्सचं, तर हायकोर्ट जेम्स फुलर या दुसऱ्या लष्करी इंजिनिअरचं. पुण्यातलं ‘लाल देऊळ’ माहीत असेल, तो ज्यूंचा ओहेल डेव्हिड सिनेगॉग. तोही विल्किन्सचाच.

या रांगेतली विद्यापीठाची इमारत आणि राजाबाई टॉवर सगळ्यात देखणे. आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनचं भव्य हॉटेल यांचंच. पण स्कॉट मुंबईला कधी आलेच नाहीत. लंडनमध्ये बसून कागद पाठवले आणि इथल्या लोकांनी त्यावरून ८५ मीटरचा मनोरा उभा केला. टॉवर १८७८ च्या नोव्हेंबरमध्ये पूर्ण झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये स्कॉट वारले होते. आपली एवढी मोठी इमारत त्यांनी कधी पाहिलीच नाही.

आता विचार करा. मुंबईचा पाऊस कसा कोसळतो, इथला दगड छिन्नीखाली कसा फुटतो, उन्हाची तिरीप कोणत्या बाजूनं येते, या सगळ्याला साइटवर तोंड कुणी दिलं?

टॉवरवरची २४ माणसं

राजाबाई टॉवरवर २४ पुतळे आहेत. ते राजा-राणीचे नाहीत. पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींची ती माणसं आहेत, आपापल्या पगडी-पेहरावासह. स्कॉटना लंडनमध्ये बसून इथल्या पगड्यांमधला फरक कसा कळणार? हे नमुने घडवले कामावरच्या असिस्टंट इंजिनिअरनं. त्यांचं नाव राव बहादूर मुकुंद रामचंद्र.

ऐकलंय कधी हे नाव? टॉवरला नाव मिळालं देणगीदाराच्या आईचं. प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले, राजाबाई या त्यांच्या मातोश्री. डिझाइनच्या खाली नाव स्कॉटचं. मुकुंद रामचंद्र उरले जुन्या गाइडबुकातल्या एका ओळीपुरते.

सीएसएमटीचंही तेच. १८७८ मध्ये काम सुरू झालं आणि १८८८ मध्ये संपलं. खर्च झाला सुमारे १६ लाख १४ हजार रुपये. स्टीव्हन्सचं कर्तृत्व मोठंच आहे. विशीत भारतात आलेला हा माणूस पुढे महापालिकेची इमारत आणि चर्चगेटची रेल्वे कचेरीही उभारून गेला आणि १९०० मध्ये मुंबईतच वारला. पण साइटवर त्याच्या जोडीला असिस्टंट इंजिनिअर होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि त्यांच्याबरोबर एम. एम. जनार्दन. स्टेशनजवळच्या मुर्झबान रोडवरून तुम्ही गेला असाल. हे मंचरजी मुर्झबान पारशी इंजिनिअर, एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत त्यांच्या देखरेखीखाली झाली. निदान त्यांच्या नावाचा रस्ता तरी आहे. स्टीव्हन्सच्याच महापालिका इमारतीचे कंत्राटदार होते व्यंकू बाळाजी कालेवार.

आणि तो मोर? ती माकडं? इथून वाट आपल्या जिल्ह्याकडे वळते.

जेजे ते अजिंठा, अजिंठा ते जेजे

मुंबईतलं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं १८५७ मध्ये. १८६५ मध्ये तिथं इंग्लंडहून दोन तरुण शिक्षक आले. एक जॉन लॉकवुड किपलिंग, म्हणजे ‘जंगल बुक’वाल्या रुडयार्डचे वडील. दुसरे जॉन ग्रिफिथ्स. मुंबईत बांधकामांचा धडाका चालू होता आणि नक्षीकामाला हात हवे होते. क्रॉफर्ड मार्केटच्या दरवाजावरची शिल्पं किपलिंगच्या हाताखाली झाली. सीएसएमटीच्या नक्षीचे बरेच नमुने ग्रिफिथ्सच्या हाताखाली जेजेच्या विद्यार्थ्यांनी घडवले. अशा कामाची रीत सहसा अशी : आधी मातीत नमुना करायचा, तो प्लास्टरमध्ये उतरवायचा आणि मग पाथरवटानं तो दगडात कोरायचा. बारीक नक्षीसाठी पोरबंदरचा दगड वापरला, कारण तो मऊ. आपल्या वेरूळचा काळा पाषाण असता तर त्याच कामाला किती छिन्न्या बोथट झाल्या असत्या, विचार करा!

हेच ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हंगामामागून हंगाम अजिंठ्याला येत होते. लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला. वीज नाही, डांबरी रस्ता नाही, अंधाऱ्या लेण्यात भिंतीसमोर बसून कॅनव्हासवर एकेक रेघ उतरवायची. सुमारे ३०० नकला झाल्या. पेस्तनजी बोमनजी हे पुढे नावारूपाला आलेले चित्रकार याच चमूतले.

तारखा शेजारी ठेवून बघा. अजिंठ्याचं काम १८७२ ते १८८५. व्हीटीचं काम १८७८ ते १८८८. शाळा एक, शिक्षक एक. सीएसएमटीची पानंफुलं अजिंठ्यावरून उचलली, असं मी म्हणत नाही. पण अजिंठ्याच्या हत्ती, हंस आणि कमळांपुढे बसून तासन्‌तास रेघ गिरवणारी मुलं ज्या वर्गात शिकली, त्याच वर्गातून मुंबईच्या दगडी मोरांचे नमुने निघाले. मुंबईच्या सगळ्यात इंग्रजी दिसणाऱ्या इमारतीची नाळ अशी आपल्या मातीशी जुळते.

नकलांचं पुढे काय झालं तेही ऐकून ठेवा. ग्रिफिथ्सच्या आधी रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यानं अनेक वर्षं अजिंठ्यात राहून चित्रं काढली होती. त्यातली बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेली. ग्रिफिथ्सच्या चमूच्या चित्रांनाही १८८५ मध्ये लंडनमध्येच आग लागली आणि मोठा वाटा जळाला. उरलेली तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे आहेत. मूळ चित्रं मात्र आपल्याकडे, शहरापासून शंभरेक किलोमीटरवर.

मग आपल्याकडे अशा इमारती का नाहीत?

कारण तेव्हाचं औरंगाबाद निजामाच्या राज्यात होतं, मुंबई इलाख्यात नव्हतं. मुंबईच्या तिजोरीतून इथं टाऊन हॉल किंवा कोर्ट बांधलं जाणं शक्यच नव्हतं. इंग्रजांचा पाय होता तो छावणीत. हैदराबाद कॉन्टिन्जंट नावाची इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज तिथं असायची. १८५७ मध्ये इथल्या घोडदळानं उठाव केला, त्याची आठवण क्रांती चौकाच्या नावात आहे. रेल्वेही इथं आली ती थेट १९०० मध्ये. म्हणून व्हिक्टोरियन काळाच्या खुणा शोधायच्या तर छावणीत जायचं. तिथलं ख्राइस्ट चर्च बघा. लष्करी ठाण्यांतली चर्च मुंबईच्या मानानं साधी असायची. सोहळ्यापेक्षा रविवारच्या प्रार्थनेला जागा हवी, एवढाच हिशोब.

पण निजामाच्या राज्यानं मुंबईला दुसरं काही दिलं. माणसं! मुंबईतलं कामाठीपुरा हे नाव कामाठी लोकांवरून पडलं. निजामाच्या मुलखातून, तेलंगणाच्या बाजूनं बांधकामाच्या कामासाठी आलेली ही मंडळी. त्या काळातल्या मुंबईची कितीतरी बांधकामं त्यांच्या खांद्यावर उभी राहिली. राजधानी आपली आणि त्यांची एकच, हैदराबाद. आज त्या वस्तीचं नाव काढलं की लोकांना भलतंच आठवतं. बांधकाम आठवत नाही.

नाव कोरतं कोण?

हा फक्त इंग्रजांचा दोष, असं म्हणून मोकळं होता येणार नाही. आपल्याच अंगणात बघा. अजिंठ्याच्या १६ नंबरच्या लेण्यात दाता म्हणून वाकाटकांचा मंत्री वराहदेव याचं नाव कोरलंय. २६ नंबरमध्ये भिक्षू बुद्धभद्राचं. चित्रकाराचं नाव? नाही. वेरूळचं कैलास लेणं राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या नावावर आहे. एका जुन्या ताम्रपटात असं वर्णन येतं की हे मंदिर घडवणारा शिल्पी स्वतःच थक्क झाला, हे आपल्या हातून झालं कसं! कौतुक लिहिलं, पण नाव तिथंही नाही.

एक अपवाद मात्र आपल्याच शहरात आहे. बीबी का मकबऱ्याच्या मुख्य दरवाजावर आराखडा करणारा अताउल्ला आणि इंजिनिअर हंसपतराय, अशी दोघांची नावं आहेत. शाळेच्या सहलीत तुम्ही त्याच दरवाजातून आत गेलात. वाचलं होतं का?

जिथं नाव कोरायला मिळालं नाही, तिथं कारागिरानं दुसरी युक्ती केली असं लोक म्हणतात. मुंबई हायकोर्टाच्या दगडी कामात एका डोळ्यावर पट्टी बांधलेलं माकड तराजू घेऊन बसलंय आणि वकिलाची गळपट्टी घातलेला कोल्हा आहे. पैशाच्या तंट्यात कोर्टात हरलेल्या एका उपकंत्राटदारानं असा सूड उगवला, अशी दंतकथा. खरीखोटी कोण जाणे. पण माकड खरं आहे, आजही तिथंच आहे. रस्किनला हवी होती ती कारागिराची मोकळीक याहून वेगळी काय असते?

आर्किटेक्चर, फाइन आर्ट, सिव्हिल किंवा आयटीआय करणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांसाठी हा प्रश्न जुन्या काळाचा नाही. १८९६ मध्ये जेजेत ड्राफ्ट्समनचा वर्ग सुरू झाला आणि त्यातूनच पुढे आर्किटेक्चरचं कॉलेज उभं राहिलं. म्हणजे आज तुम्ही जी डिग्री घेताय, तिची मुळं दुसऱ्याच्या नकाशाची नक्कल करणाऱ्या मुलांच्या वर्गात आहेत. आजही नव्या बिल्डिंगसमोरच्या बोर्डावर बिल्डर, आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर यांची नावं असतात. सेंटरिंगवाला, गवंडी, फरशीवाला यांची नसतात. पावसात भिंत ओल धरणार की नाही, हे मात्र त्यांच्या हातावर ठरतं.

म्हणून या सुट्टीत एक काम करा. तुमच्या भागातली एक जुनी इमारत निवडा. छावणीतलं चर्च चालेल, शाळा चालेल, जुना वाडा किंवा तुमचं घरही चालेल. परवानगी काढा, वही-पेन्सिल घेऊन जा. फोटो नंतर काढा, आधी चित्र काढा, कारण हातानं काढताना जे दिसतं ते कॅमेऱ्याला दिसत नाही. कमान टोकदार की अर्धगोल? दगड कुठला? छपराचं पाणी कुठून उतरतं? मग तिथल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा : हे बांधलं कुणी? पैसे कुणी दिले हे ते लगेच सांगतील. तेवढ्यावर थांबू नका. गवंडी कोण होता, सुतार कुठल्या गावचा, दगड कुणी घडवला, हे खोदून खोदून विचारा.

जुनी इमारत पडायला एक जेसीबी आणि एक दुपार पुरते. तिच्याबद्दल सांगणारी आजी-आजोबांची पिढीही कायम थांबणार नाही. दहा घरं विचारलीत आणि एका गवंड्याचं नाव हाती लागलं, तरी ते चित्राखाली तारखेसह लिहून ठेवा. आणि सध्या तुमच्या गल्लीत काम चालू असेल तर आजच संध्याकाळी त्या मिस्त्रीला विचारा, “काका, तुमचं नाव काय?” हे उत्तर शोधायला तरी जुनं गाइडबुक चाळावं लागणार नाही.